कमी सोडियमचं मीठ आईला चालेल का?

प्रश्न: आईला बीपी आहे, टेल्मिसार्टन चालू आहे. शेजारच्या काकूंनी लो-सोडियम मीठ सुचवलं. पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय, आमटीत किंचित कडवट लागतं. देऊ का?

उत्तर: आमच्याकडे बाबा घेतात, काही त्रास नाही. बिनधास्त द्या.

उत्तर: ताई, बिनधास्त नको. मी मेडिकल चालवते. असं मीठ मागणाऱ्याला आधी गोळ्यांची चिठ्ठी दाखवायला सांगते. रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर हवं. जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं, टेल्मिसार्टनने ते काम मंदावतं. पातळी चढली तरी बरेचदा काही जाणवत नाही, आणि एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. किडनी चांगली असेल तर हे मीठ गुणाचंच. चीनच्या ६०० खेड्यांतल्या अभ्यासात (२०२१) पाव भाग पोटॅशियम क्लोराइडच्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण त्यात गंभीर किडनीविकाराचे रुग्ण घेतलेच नव्हते. आईंचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायची रक्ततपासणी) किती?

प्रश्नकर्ती: १.९ आलंय.

उत्तर: हे जास्त आहे, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं दिसतंय. मग हे मीठ आणूच नका. साधंच मीठ, पण बेताने, लोणचं-पापड बंद. सीरम (रक्तातलं) पोटॅशियम तपासून घ्या आणि शहाळ्याचं पाणीसुद्धा, त्यातही पोटॅशियम असतं म्हणून, डॉक्टरांना विचारूनच द्या.