एक्सटर्नल डिस्कवरची कीर्तनं जेलीफिनला दिसत नाहीत

मुलुंडची नात: नमस्कार मंडळी. आजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या ३४ कॅसेटना गेल्या पावसाळ्यात बुरशी धरायला लागली, म्हणून एकेक वाजवून कॉम्प्युटरवर उतरवल्या. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम) आणि जेलीफिन (आपल्या फायली टीव्ही-फोनवर ऐकवणारा घरगुती सर्व्हर) टाकलं. टीव्हीवर छान चालत होतं. आतली डिस्क भरली म्हणून सगळं २ टीबीच्या एक्सटर्नल डिस्कवर हलवलं, तेव्हापासून लायब्ररी रिकामी. मला स्वतःला फायली उघडता येतात. परमिशन ७७७ (म्हणजे सगळ्यांना पूर्ण मोकळीक) करून पाहिली, काही फरक नाही. चिपळूणच्या आत्यालाही ऐकवायचंय. तिच्याकडे यातलं एकही कीर्तन नाही.

भांडुपकर: ताई, फायली सुखरूप आहेत, घाबरू नका. डिस्क लावली की उबुंटू ती 'मीडिया' फोल्डरमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरखाली जोडतो, आणि तो फोल्डर फक्त तुम्हालाच उघडतो. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या यूजरने चालतं, ते बाहेरच अडतं. डिस्क एक्सफॅट असेल तर ७७७ चा उपयोगच नाही, त्या फॉरमॅटमध्ये परमिशन साठवलीच जात नाही. डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) काढा, एफस्टॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी असलेली फाइल) एक ओळ लिहून डिस्क 'एमएनटी' फोल्डरखाली कायमची जोडा. त्या ओळीत 'नोफेल' घालाच, नाहीतर डिस्क काढलेली असताना लॅपटॉप सुरू होताना अडकेल. मग जेलीफिनमध्ये नवा पत्ता देऊन स्कॅन करा. आणखी एक फायदा: लाइट जाऊन आल्यावर लॉगिन न करताही डिस्क जोडली जाईल.

ठाणे-वाशी: आत्यासाठी राउटरमध्ये जेलीफिनचं पोर्ट ८०९६ (बाहेरून आत यायची वाट) उघडत बसू नका. आधी राउटरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने त्याला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनी एकच पत्ता अनेक घरांना वाटतेय, पोर्ट उघडून काही होणार नाही. आणि पत्ता स्वतंत्र असला तरी सर्व्हर असा उघड्यावर ठेवू नये. लॅपटॉपवर आणि आत्याच्या फोनवर टेलस्केल (दोन्ही खाजगी नेटवर्कने जोडणारं अ‍ॅप) टाका.

मुलुंडची नात: डिस्क दिसली! ३४ च्या ३४ आल्या. आयपी १००.८२ ने सुरू होणारा निघाला, म्हणजे मी दोन रविवार पोर्टशी उगाच झगडत होते. भाच्याने आत्याच्या फोनवर टेलस्केल घालून दिलं. काल रात्री तिने पूर्वरंग ऐकला, पण पुढे उत्तररंगाऐवजी भलतंच लागलं. ए बाजू, बी बाजू क्रमाने कशा लावू?

भांडुपकर: फाइलच्या टॅगमध्ये ट्रॅक नंबर भरा, ए ला १, बी ला २. प्रत्येक कॅसेटला अल्बमचं नाव वेगळं द्या. पिकार्डमध्ये (टॅग भरायचं सॉफ्टवेअर) सगळं एका बैठकीत होईल.