प्रति: बारकोड आहे ना, मग माहिती वेगळी कशाला?

वर कोणीतरी म्हटलंय, पाकिटावर बारकोड असताना पुरवठादाराने वेगळी माहिती का पाठवायची? अहो, त्या रेघांत फक्त १३ आकडी नंबर असतो. वजन, एचएसएन (कर आकारणीसाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक), करदर कुणीतरी भरावेच लागतात. मार्केट यार्डातला पुरवठादार दर दुकानाला वेगळी एक्सेल देतो, घोळ तिथेच. बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ या संस्थेची जीडीएसएन (मालाची माहिती कंपन्यांमध्ये पोचवणारं जाळं) व्यवस्था यासाठीच आहे: उत्पादकाने एकदा भरायचं, दुकानांनी तिथूनच घ्यायचं. पण २०० ग्रॅमचं पाकीट गुपचूप १८० चं करून नंबर जुनाच ठेवला, तर कुठलीही व्यवस्था काय करणार? निव्वळ वजन बदललं की नवा नंबर, असा जीएस१ चा नियमच आहे.