आईला घेऊन यॉटनं किथनॉस बेटावर जायचंय, कोणी गेलंय का?

रंकाळाकाठी
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, मी, बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आमची आई. पुढच्या वर्षी ग्रीस नक्की केलंय आणि सँटोरिनी-मिकोनॉसच्या गर्दीत जायचं नाही हे पण नक्की. भावानं किथनॉस नावाचं बेट शोधून काढलंय, अथेन्सच्या जवळ आहे, फार कोणाला माहीत नाही आणि मुख्य म्हणजे तिथं समुद्राच्या काठालाच गरम पाण्याचे झरे आहेत. आईचे गुडघे दुखतात, राजापूरच्या उन्हाळ्याला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्याला, तिला दोनदा नेऊन आणलंय, तिथं तिला बरं वाटतं, त्यामुळं हे ऐकल्यापासून ती खूश आहे. भावाचं म्हणणं यॉट भाड्यानं घेऊया आणि ऑगस्टमध्ये सात दिवसांत पाच बेटं करूया. आता आम्ही रंकाळ्यातल्या बोटिंगपलीकडं काही केलेलं नाही, मालवणला किल्ल्यावर गेलो तेवढीच समुद्रातली बोट. जमेल का हो हे? आई शाकाहारी आहे, तिचं खाण्याचं काय होईल तेही सांगा.

दर्यावेडा
दादा, जा, नक्की जा, पण ऑगस्ट काढून टाका. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, आभाळ एकदम स्वच्छ, ढग नाही की पाऊस नाही, आणि वारा असा की बंदरातून बोट बाहेर काढवत नाही, आणि तो एकदा लागला की तीन-चार दिवस हलत नाही. किथनॉसवर वारा किती असतो बघा, १९८२ साली युरोपातलं पहिलं विंड फार्म तिथंच उभं केलं. आम्ही पहिल्यांदा ऑगस्टमध्येच गेलो होतो, बोट देणाऱ्या कंपनीनं फोनवर सांगितलं होतं की हाच बेस्ट सीझन. दोन दिवस बंदरात अडकलो, आणि शनिवारी बोट परत द्यायची म्हणून पहाटे पाचला निघालो तर लाटा डेकवरून वाहत होत्या, बायको चार तास बादली धरून बसली होती. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही, म्हणून एवढं कळकळीनं लिहितोय.

सप्टेंबर धरा, गणपती उठले की निघा. वारा बराच उतरलेला असतो आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी मस्त कोमट असतं, मे-जूनमध्ये हवा चांगली असते पण पाणी गार लागतं.

आणि पाच बेटं नको भावा. बोट बहुतेक शनिवार ते शनिवार मिळते. लाव्रिओ बंदरातून घ्या, ते एअरपोर्टला जवळ पडतं, तिथून किथनॉस वीस-पंचवीस नॉटिकल मैल, म्हणजे पाच-साडेपाच नॉटच्या (तासाला तेवढे नॉटिकल मैल) वेगानं चार-पाच तास. जाताना एक मुक्काम वाटेतल्या केआ बेटाला करा, मग किथनॉसलाच चार रात्री राहा. मधले एक-दोन दिवस मोकळेच ठेवा, वाऱ्यानं अडवलं तर तेच कामाला येतात. केआजवळून जाताना स्किपरला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, ब्रिटानिक कुठं आहे विचारा, टायटॅनिकचं भावंड जहाज, १९१६ साली सुरुंग लागून बुडालं, ते अजून तिथंच खाली आहे. आम्ही इंजिन बंद करून पाच मिनिटं नुसते बसलो होतो.

स्किपर घ्यायलाच लागेल, लायसन्स नसताना तुमच्या हातात बोट देणारच नाहीत. त्याला स्वतंत्र केबिन लागते, लोक हे हमखास विसरतात, तेव्हा चार केबिनची बोट बघा. त्याचं जेवण पण आपल्याकडं असतं.

शाहूपुरीची_लेक
दादा, मी सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणून आईंचं सांगते. तिकडं बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, पुढं नांगर टाकायचा आणि मागं मागं येत मागची बाजू धक्क्याला बांधायची, मग एक अरुंद फळी टाकतात त्यावरून उतरायचं. बोट हलते तशी फळी पण हलते. सासूबाई पहिल्या दिवशी उतरल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी स्किपर धक्क्यावर उभा, मी मागून कंबरेला धरलेलं, अशा उतरल्या, आणि शेवटी शेवटी एकट्या जायला लागल्या. बोट ठरवतानाच रुंद आणि कठडा असलेली फळी मागा. आणि डेकवर चप्पल चालत नाही, अनवाणी नाहीतर पांढऱ्या सोलचे बूट.

झरे लुत्रा गावात आहेत. गरम पाणी पाटातून वाहत समुद्रात येतं, आणि जिथं मिसळतं तिथं काठाला दगडांचं गोल कडं केलंय. त्यात बसायचं, एका बाजूनं पाय भाजेल असं पाणी, दुसऱ्या बाजूनं लाट आली की गार. सरकत सरकत आपल्याला सोसेल ती जागा शोधायची. सासूबाई पदर खोचून तासभर बसल्या होत्या, अंधार पडला तरी उठेनात. पैसे काही नाहीत.

जेवणाची काळजी करू नका. फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. भात भरलेले टोमॅटो-ढबू मिरची मिळतात, पण त्यात खिमा नाही ना हे विचारूनच घ्यायचं. छोले शिजवलेले मिळतात. बोटीत गॅस असतो, कांदा-लसूण चटणी आणि मेतकूट न्याच. पाणी मात्र टाकीत असेल तेवढंच, अंघोळ तांब्या-दोन तांब्यात.

रंकाळाकाठी
दोघांचेही मनापासून आभार. भाऊ सप्टेंबरला तयार झाला. एकच, फोटोत ती दोन्हीकडं समुद्र असलेली वाळूची पट्टी दिसते ती कोलोनाच ना? तिथं रात्री थांबता येतं का?

दर्यावेडा
हो तीच. वाळूच्या पट्टीनं एक छोटं बेट किथनॉसला जोडलंय. उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेकडच्या बाजूला थांबायचं. पण तिथं धक्का नाही, नांगरावर राहायचं आणि डिंगीतून, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून, काठाला जायचं, आईंना ते चढउतार जड जाईल. रात्री लुत्रालाच बांधा, बंदर लहान आहे म्हणून दुपारी एकच्या आत पोचा, आणि एक दिवस कोलोनाला सकाळी जाऊन या. नांगर टाकताना पाण्यात बघा, फिकट निळं दिसतं ती वाळू, काळपट दिसतं ते समुद्री गवत. गवतात नांगर धरत नाही, आणि ते गवत उपटलं जातं ते वेगळंच, परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

पंचगंगाघाट
शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) लागेल, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशीर करू नका, बोटांचे ठसे द्यायला आईंना पण स्वतः जावं लागेल. बोटीच्या करारात पाचही जणांची नावं पासपोर्टप्रमाणंच घाला, राहायची सोय म्हणून तोच कागद दाखवायचा असतो.

रंकाळाकाठी
आईला फळीचं सांगितलं. म्हणाली, अजून वर्ष आहे, उद्यापासून रंकाळ्याला रोज एक फेरी मारते.