मनात काही नसताना लिंगाला ताठरता, आणि आपण गप्प : तुमचे अनुभव सांगा

काल भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाल्यावर गच्चीत हळूच म्हणाला, "मामा, मनात काही नसताना तसं होतं. मला रोग आहे का?" मला माझं विसावं वर्ष आठवलं. अक्कलकोटहून येताना एस्टीच्या हादऱ्यांनी तसंच झालेलं. सोलापूरचा स्टँड आला, गाडी रिकामी झाली, मी मांडीवर डबा धरून बसलेलो. पुढे भिंतीवरची 'गुप्तरोग' जाहिरात वाचून तीन महिने चूर्ण खाल्लं. कुणाला विचारलं असतं तर एका वाक्यात सुटलं असतं. हे नसांचं काम आहे, आपल्या हुकमात नाही. झोपेत तर रात्रीतून तीन-पाच वेळा होतं, पहाटेचं त्यातलंच. तुमचंही लिहा, पोरं वाचतील.

कुंभारवेसकर : अगदी. मला वाटायचं माझ्या एकट्यालाच. रूममेटला सांगितलं तर म्हणाला, "येडा का बे, सगळ्यांना होतंय." त्या रात्री शांत झोपलो.

सिस्टरताई : कॅज्युअल्टीत बारा वर्षं काढलीत, म्हणून लिहिते. येतं आणि जातं ते ठीक. पण चार तास झाले तरी उतरत नाही, दुखतंय, तर सकाळची वाट बघू नका. आत रक्त अडकून राहतं, त्याला ऑक्सिजन मिळत नाही, पेशी मरतात. पोरं दुसऱ्या दिवशी चादर गुंडाळून येतात हो, फार वाईट वाटतं. सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर जास्तच जपा. सायकलच्या दांडीवर आपटल्यावर झालं तर दुखत नसलं तरी दाखवा.

रात्रपाळी : माझं झालंय. वय २६. झोपेसाठी ट्रॅझोडोन चालू होतं. रात्री अकराला सुरू, तीन वाजले तरी तसंच. बर्फ लावला, जिन्यावर चढउतार केली. शेवटी मित्राच्या गाडीवर गेलो, खड्ड्यागणिक जीव जायचा. सुईनं रक्त काढलं, काळंकुट्ट. मग इंजेक्शन. डॉक्टर एकच बोलले, "वेळेत आलात." गोळी बदलून दिली. आता ठीक आहे.

सिस्टरताई : @रात्रपाळी बरं केलंत गेलात. मित्राला माझा नमस्कार सांगा.

आई_होटगीरोड : मुलगा एकोणीसचा, पुण्याला होस्टेलवर. त्याचे बाबा हा विषय काढायचे नाहीत. मीच बोलू का?

धागाकर्ता : बोला ताई. नाहीतर सिस्टरताईंचं लिहिलेलं नुसतं पाठवून द्या. तपासायला मूत्ररोगतज्ज्ञ असतात, तेही सांगा. वाकडेपणा आला, गाठ लागली तरी तिथंच.

शेंगाचटणी : विषय सोडून विचारते, चादरीवरून आठवलं. नणंदेला द्यायच्यात, कारखान्यावरून घेऊ का दुकानातून?

कुंभारवेसकर : कारखान्यावर जा ताई. दोन्ही बाजू उलटून बघा, काठाचे धागे सुटलेले नकोत.

आई_होटगीरोड : पाठवलं त्याला. दोन निळ्या टिका आल्यात. बघू.