दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांऐवजी एकच १२ व्होल्टची: १९६५ ची एमजी-बी

पाचपाखाडीकर (ठाणे) – प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांची १९६५ सालची एमजी-बी (ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार) आता माझ्याकडे आहे. ती आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली उभी असते आणि रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्यापर्यंत किंवा फार तर घोडबंदर रस्त्याने गायमुखपर्यंत जाऊन येते. जाणकारांना ठाऊक असेलच की या गाडीत बॅटरी बॉनेटखाली नसते. सीटच्या मागच्या झाकणाखाली, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना एकेक खण आहे आणि त्या खणांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ठेवून, मध्ये एक केबल जोडून १२ व्होल्ट घेतलेले आहेत.

गेला महिनाभर सेल्फ आळसावल्यासारखा फिरतो आणि एखाद्या सकाळी नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबतो. त्या मापाची ६ व्होल्टची बॅटरी ठाण्यात मिळेना. एका दुकानदाराने तर लहान मुलांच्या बॅटरीवर चालणाऱ्या जीपला लागते ती बॅटरी काढून माझ्यापुढे ठेवली. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे आहे की दोन्ही खणांत १२ व्होल्टची एकेक लहान बॅटरी बसवावी, म्हणजे ‘ताकद डबल’ होईल. मला मात्र एकच बॅटरी ठेवून मोकळे व्हावेसे वाटते. कोणत्या मापाची घ्यावी, कोणत्या बाजूच्या खणात ठेवावी आणि या बदलात कुठे फसायला होते, हे कोणी सांगू शकेल काय? गाडी अजून मूळच्या पॉझिटिव्ह अर्थवरच आहे, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट बॉडीला जोडलेला आहे.

वाशीचा वायरमन – उत्तर

पैसे खर्च करण्याआधी आपण दहा मिनिटे मल्टिमीटर हातात घ्यावा, असे मी सुचवेन. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजा. ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल असतात आणि भरलेला सेल साधारण २.१ व्होल्ट दाखवतो, म्हणजे धडधाकट बॅटरीवर ६.३ च्या आसपास आकडा यायला हवा. एकीवर ६.३ आणि दुसरीवर ४.२ च्या जवळपास दिसले, तर दुसरीतला एक सेल गेला आहे असे खुशाल समजा.

सिरीजमध्ये जोडलेल्या बॅटऱ्यांच्या व्होल्टेजची बेरीज होते, अँपिअर-तासांची होत नाही, त्यामुळे मूळ रचनेतही ‘दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट साठा’ असे काही नव्हते. उलट एक सेल गेला की चार्जिंगचे सुमारे १४ व्होल्ट सहाऐवजी पाचच सेलमध्ये वाटले जातात. सेलमागे २.३ चे २.८ होतात, पाणी बुडबुडे होऊन उडून जाते आणि आजारी बॅटरीबरोबर शेजारची निरोगीही आडवी होते. जुन्या बॅटरीच्या जोडीला एकच नवी आणून बसवणाऱ्यांचा पैसा बहुतेक वेळा असाच वाया जातो.

दोन्ही बॅटऱ्या चांगल्या निघाल्या, तर दोष सांध्यांत शोधा. या रचनेत दोनऐवजी चार टर्मिनल आहेत. सेल्फ ओढताना दीडशे अँपिअर वाहत असतील, तर केवळ २ मिलिओहमचा एक गंजका सांधा ०.३ व्होल्ट खाऊन टाकतो. असे तीन सांधे असतील तर आपल्याला ऐकू येतो तो ‘टक्’. मीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे सेल्फच्या जाड नटावर धरून कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर आधी ती केबल आणि तिची टोके पाहा. अर्थच्या बाजूनेही हेच करावे.

आपल्या मेकॅनिकची सूचना कृपया अमलात आणू नये. मधली केबल तशीच ठेवून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवल्या, तर गाडीला २४ व्होल्ट मिळतील आणि पहिल्याच चावीला दिव्यांचा आणि इग्निशन कॉइलचा निकाल लागेल. त्यांच्या मनात पॅरलल जोडणी असेल, तर ती निदान धोक्याची नाही. पण एक बॅटरी कमजोर पडली की ती दुसरीला रात्रभर पीत बसते, म्हणजे आपण ज्या दुखण्यातून सुटू पाहत आहात तेच दुखणे वेगळ्या रूपात परत येते.

नेरूळ ६६ – उत्तर

माझी एमजी-बी १९६६ ची आहे आणि हा बदल मी स्वतःच्या हाताने केला आहे, त्यामुळे माप आणि जागा यांबद्दल सांगतो.

पहिल्यांदा मी सर्वांत सहज मिळणारी, लहान गाड्यांना लागणारी ३८बी२० जातीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आणली. लांबी-रुंदीला ती खणात आरामात उतरते, मात्र तिचे खुंट डब्याच्या वर उभे असतात आणि खुंटासकट उंची २२५ मिलिमीटरच्या आसपास जाते. झाकण लावले तेव्हा खुंट आणि पत्रा यांच्यात बोटही जाईना, म्हणून मी वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा अंथरला आणि काम झाले असे समजलो. तुर्भ्याजवळ मागच्या जागेत ठेवलेल्या बॅगेच्या वजनाने झाकण दाबले गेले, ट्यूब सरकली, जिवंत खुंट पत्र्याला टेकला आणि सीटच्या मागून वेल्डिंगसारखा उजेड आला. झाकणाला आतून पडलेला निळसर डाग मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

त्यानंतर मी डीआयएन ४४ (युरोपीय मापाची, ४४ अँपिअर-तासांची बॅटरी) घेतली. तिचे माप २०७ बाय १७५ मिलिमीटर, उंची १९० असते (काही १७५ उंचीच्याही येतात) आणि तिचे खुंट झाकणातल्या खाचेत बसलेले असल्यामुळे ही उंची खुंटांसकट धरायची. रुंदीला ती अगदी घट्ट बसते, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका चिकटवून तो वरून खणात उतरवून पाहा. माझ्या गाडीत तो एका कोपऱ्यात अडला, कारण पूर्वी कोणीतरी गंजलेल्या चौकटीवर पत्र्याचा तुकडा मारून ठेवला होता. शिवाय जुन्या गाड्यांचे क्लॅम्प जाड खुंटांसाठी असतात. डीआयएनला ते नीट बसतात. ३८बी२० ला बहुधा बारीक खुंट येतात आणि त्यांवर शिशाची टोपी चढवावी लागते, म्हणजे पुन्हा एक सांधा वाढतो.

बाजूबद्दल बोलायचे तर आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची असेल, त्यामुळे चालकाच्या वजनाला तोल म्हणून डावा खण घ्यावा, असे पुष्कळ जण सांगतात. दहा-बारा किलोंच्या बॅटरीने या गाडीच्या चालीत मला तरी काही फरक जाणवला नाही. ज्या खणातून सेल्फची जाड केबल निघते तोच ठेवा, म्हणजे फक्त अर्थची पट्टी नवी करावी लागते आणि ती जितकी आखूड तितकी चांगली. मधली जोडकेबल मात्र पूर्ण काढून टाका, ती सुटी लोंबकळत ठेवू नका.

आणखी एक. हे खण खालून उघडे आहेत आणि बॅटरी चौकटीवर बसते. पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याचे पाणी थेट तिथे उडते आणि वरून ॲसिडची वाफ असते, त्यामुळे ही चौकट गाडीतल्या इतर पत्र्याच्या आधी सडते. बॅटरी बाहेर काढली आहे तोवर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने सगळे धुऊन, वाळवून, रंग द्या. पकडपट्टी लावल्याशिवाय गाडी हलवू नका.

कोलशेतचा नवशिक्या – उत्तर

इतके काम काढलेच आहे, तर त्याच वेळी गाडी निगेटिव्ह अर्थवर का आणू नये? कारखान्यानेही १९६७ च्या अखेरीस मार्क २ आणताना डायनमो काढून ऑल्टरनेटर दिला आणि अर्थ निगेटिव्ह केला. पुढे १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आल्यावर बॅटरीही एकच झाली. म्हणजे आपण केवळ कारखान्याच्याच वाटेने जात आहोत. मोबाइल चार्जर आणि ब्लूटूथचा रेडिओ लावणेही सोपे होईल.

वाशीचा वायरमन – उत्तर

सूचना चुकीची नाही, पण तो वेगळा दिवस आणि वेगळे काम असावे, असे माझे मत आहे. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुरू झाली नाही, तर दोष कोणत्या बदलाचा हे शोधण्यात रविवार जातो. निगेटिव्ह अर्थ करायचा असेल तर नुसत्या केबली उलटून भागत नाही. डायनमोच्या डी आणि एफ टर्मिनलवरच्या तारा काढून एफ ला बॅटरीच्या जिवंत बाजूचा क्षणभर स्पर्श देऊन त्याची ध्रुवता फिरवावी लागते, अन्यथा कट-आउटचे (डायनमो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात. कॉइलच्या दोन्ही तारांची अदलाबदल करावी लागते. १९६५ च्या गाडीतला टॅकोमीटर (इंजिनाची आवर्तने दाखवणारा काटा) इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो ध्रुवतेच्या बाबतीत हळवा आहे; त्याला उघडून आतली जोडणी बदलल्याशिवाय तो चालणार नाही.

तूर्त पॉझिटिव्ह अर्थ ठेवणार असाल, तर नव्या बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंटच बॉडीला जोडला जाईल हे स्वतः उभे राहून पाहा. दुकानातल्या मुलाचा हात सवयीने काळी केबल बॉडीकडेच नेतो. यात त्याचा दोष नाही, त्याने जन्मात दुसरे काही पाहिलेले नसते. बॅटरी घेताना खुंटांची डावी-उजवी बाजूही बघा, नाहीतर केबल चार बोटे तोकडी पडते. जंप-स्टार्टची वेळ आली तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह हा नियम तोच राहतो, मात्र दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकता कामा नयेत, कारण आपली बॉडी पॉझिटिव्ह आणि समोरच्या गाडीची निगेटिव्ह असते.

साठ्याबद्दल एक शब्द. आपला डायनमो भरात २२ अँपिअर देतो, पण माजिवड्याच्या सिग्नलला गाडी मंद आवर्तनांवर उभी असताना जवळजवळ काहीच देत नाही. संध्याकाळी दिवे लावून कापूरबावडीच्या कोंडीत अडकलात, तर सगळा भार बॅटरीवर असतो. म्हणून ३५ पेक्षा ४४ अँपिअर-तासांची घ्यावी, हे नेरूळकरांचे मत मलाही पटते.

खारेगावचा वाचक – उत्तर

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ साली जी ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आली, ती करण्याचा विचार असेल तर एवढेच सांगतो: तिथे गाडी मूळ रूपात असण्यावर भर आहे. खण कापून मोठा करून मोठी बॅटरी बसवण्याचा मोह टाळावा. नुसती बॅटरी बदलली, तर ती केव्हाही परत पहिल्यासारखी करता येते.

पाचपाखाडीकर – प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. काल सकाळी मोजले. डावी ६.२८, उजवी ४.१६. वायरमनकाकांचा अंदाज दशांशापर्यंत खरा ठरला. उजवीच्या एका सेलमध्ये पाणी पट्ट्यांच्या खाली गेले होते.

पुठ्ठ्याचा खोका डाव्या खणात उतरला, उजव्यात नाही, त्यामुळे बाजूचा प्रश्न आपोआप सुटला. सेल्फची केबल मात्र उजवीकडे येते, म्हणून ती नवी, तेवढ्याच जाडीची, हातभर लांब करून घेतली. डीआयएन ४४ वागळे इस्टेटमधल्या एका दुकानात मिळाली आणि दोन्ही जुन्या बॅटऱ्या त्यांनी वजनावर परत घेतल्या. दुकानातल्या मुलाने अपेक्षेप्रमाणे काळी केबल बॉडीकडे नेली होती, मी त्याचा हात धरला. सेल्फ मारताना केबलवरची घट आता ०.२ व्होल्ट आहे.

रिकाम्या उजव्या खणात वडिलांची पान्यांची कॅनव्हासची गुंडाळी ठेवायचा विचार होता, पण तो खालून उघडा असल्याचे वाचून बेत बदलला. आधी त्याच्या चौकटीवर ॲल्युमिनियमचा तळ बसवतो आहे.