मावतं खरं, पण रक्तात टिकायला हवं ना

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच अणूभर जाडीचा पत्रा. त्याच्या एका ग्रॅमला २६३० चौरस मीटर पृष्ठभाग, म्हणून शरीरात औषध वाहून न्यायला त्यावर ते भरपूर मावतं, असं म्हटलं जातं, आणि ते मान्य. पण तो आकडा सुट्या, एकपदरी ग्राफीनचा, तोही दोन्ही बाजू धरून आणि कागदावरचा. शरीरात सोडायचं ते बहुधा ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचे गट जोडलेलं ग्राफीन, आणि ते साध्या पाण्यात छान पसरलं तरी क्षारांच्या द्रावणात गुठळ्या धरतं. रक्त खारटच!

२००८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या जोडल्या, तेव्हा कुठे ते रक्तद्रवात टिकलं आणि पाण्यात न विरघळणारं एसएन-३८ हे कर्करोगाचं औषध त्यावर बसवता आलं. औषध धरून ठेवायला रासायनिक बंध नाही, औषधाच्या आणि ग्राफीनच्या रेणूंमधली सपाट वलयं एकमेकांना चिकटतात इतकंच. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं दुसरं औषध मात्र आम्लात त्यावरून जास्त सुटतं, आणि कर्करोगाच्या गाठीचा परिसर किंचित आम्लधर्मी असतो, हे पथ्यावरच.