पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन', नक्की काय आहे या गाण्यात?

रात्रपाळी:
काल हेडफोन लावून सलग चार वेळा ऐकलं. १९६६ चं गाणं, तीन मिनिटांचंही नाही, धड वेगळा कोरस पण नाही, तीच चाल फिरून फिरून येते आणि तरी दर वेळी पोटात काहीतरी हलतं. याहून भारी गायकी सोलमध्येच, म्हणजे स्लेजच्याच या अमेरिकन ब्लॅक संगीतप्रकारात ऐकलीय, पण परत इथेच येतो. नुसता आवाज की अजून काही? नॉस्टॅल्जिया म्हणू नका, गाणं आलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

ऑर्गनवाली:
आवाज आहेच, पण आधी ऑर्गन ऐक. फारफिसा म्हणजे इलेक्ट्रिक ऑर्गन, स्पूनर ओल्डहॅमने वाजवलाय. काहीच करत नाही तो, सूर धरून बसलाय, खाली बेस एकेक पायरी उतरत जातो आणि वर स्लेज जीव तोडून गातोय. गर्दीच नाही, त्यामुळे त्याला लपायला जागा उरत नाही. आणि शेवटाकडे ब्रास, म्हणजे ट्रम्पेट वगैरे, येतं ते बेसूर आहे, खरंच, कान देऊन ऐक. किस्सा असा सांगतात की अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरने ते परत करायला लावलं, यांनी केलंही, आणि छापली गेली जुनीच टेप. बरं झालं बाई.

मधली_ओळ:
खरी गोम शब्दांत आहे. सुरुवातीला तो कुणा एका माणसाबद्दल बोलतोय, प्रेमात पडलेला असं करतो तसं करतो, तिला नावं ठेवली तर जिवलग मित्राकडे पाठ फिरवतो, ती म्हणाली तर पावसात झोपतो. सगळं कसं लांबून, शहाण्यासारखं. आणि मध्येच जीभ घसरते, हा माणूस तुझ्यावर प्रेम करतो म्हणत थेट तिच्याशीच बोलायला लागतो, विनवण्या करतो, मग सावरून परत 'माणसा'वर येतो पण तोवर आपल्याला कळलेलं असतं. 'माझा एक मित्र आहे' म्हणून स्वतःचंच दुखणं सांगतात ना लोक, तसं. आणि हे लग्नात वाजवतात! आत तर म्हटलंय की ती फसवत असेल तर सगळ्यात शेवटी यालाच कळणार.

बी_साइड:
मला मायकल बोल्टनने परत गायलेलं जास्त आवडतं, मारा मला. १९९१ ला तेही नंबर वन होतं, ग्रॅमी पण मिळालं, उगाच नाही. बाकी मूळ रेकॉर्डिंग मसल शोल्सच्या फेम स्टुडिओतलं ना?

ऑर्गनवाली:
फेम नाही रे, क्विन आयव्हीचा नोराला स्टुडिओ, शेफील्ड, अलाबामा. जवळच आहे म्हणून सगळे गल्लत करतात. बोल्टन सुरात आहे, ताकद आहे, पण पहिल्या ओळीपासून जिंकलेला वाटतो. स्लेज हॉस्पिटलात वॉर्डबॉयचं काम करून बँडमध्ये गायचा, त्याची ही पहिलीच रेकॉर्ड. पुढचा सूर लागेल की नाही हे त्यालाच माहीत नाहीये असं वाटत राहतं.

बी_साइड:
ओके, स्टुडिओ चुकला. बोल्टन नाही सोडणार.

रात्रपाळी:
@मधली_ओळ पाचव्यांदा लावलं, ती घसरायची जागा सापडली. आणि @ऑर्गनवाली, ते बेसूर ब्रास आता कानातून जाईना, इतकी वर्षं कसं काय ऐकू आलं नव्हतं यार.